संकटानंतरही लोक परत का आले? एस्टोनियातील डिजिटल ओळखपत्राचे २०१७ मधील प्रकरण

एखादी सरकारी सेवा ऑनलाइन झाली की पहिल्या वर्षी ती किती नागरिकांनी वापरली याचे आकडे हमखास जाहीर होतात. जाहिरात, शिबिरे, शुल्कातील सवलत आणि प्रसंगी सक्ती यांच्या जोरावर ते आकडे चांगले आणताही येतात. तोच नागरिक दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी पुन्हा त्याच सेवेकडे आला का, आणि आला तर कशामुळे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक सेवा टिकते की नाही हे या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते. ऑनलाइन यंत्रणेचा मोठा खर्च सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो, आणि लोक ती अर्ध्यावर सोडून पुन्हा कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहू लागले, तर प्रशासनाला दोन्ही व्यवस्था एकाच वेळी पोसाव्या लागतात.

सुरळीत चाललेल्या सेवेवरून या प्रश्नाचा उलगडा होणे अवघड असते. सगळे नीट चालू असताना लोक समाधानामुळे येतात, सवयीमुळे येतात की दुसरा सोयीचा मार्गच उरला नसल्यामुळे येतात, हे बाहेरून ओळखता येत नाही. सेवेवर मोठा आघात झाला, तिच्यावरचा भरवसा डळमळीत व्हावा अशी बातमी खुद्द सरकारनेच दिली आणि नागरिकाच्या हाती ती सोडून देण्याचे सबळ कारण आले, म्हणजे ही कारणे एकमेकांपासून वेगळी दिसू लागतात. २०१७ च्या शरद ऋतूत एस्टोनियात नेमके असे घडले. जगभर ज्या देशाचे नाव ऑनलाइन प्रशासनाचा आदर्श म्हणून घेतले जाते, त्या देशातील ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष सापडला.

ओळखपत्र आणि त्याभोवतीची व्यवस्था

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा सुमारे १३ लाख लोकवस्तीचा देश आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाल्यावर त्याला प्रशासनाची घडी जवळजवळ नव्याने बसवावी लागली. २००० मध्ये तेथे आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी डिजिटल स्वाक्षरीचा कायदा संमत झाला. २००१ मध्ये 'एक्स-रोड' ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यामुळे वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एका जागी न साठवता आपापल्या ठिकाणी राहतात आणि गरजेपुरती माहिती सुरक्षित मार्गाने एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते. २००२ पासून चिप असलेली ओळखपत्रे देण्यास प्रारंभ झाला. या कार्डाला दोन पिन असतात. पहिला, चार आकडी पिन स्वतःची ओळख पटवून सेवेत प्रवेश करण्यासाठी असतो, तर दुसरा, किमान पाच आकडी पिन स्वाक्षरी करण्यासाठी असतो. अशा रीतीने केलेली स्वाक्षरी कायद्याच्या दृष्टीने हातच्या सहीच्या तोडीची मानली जाते.

कार्ड बाळगणे बंधनकारक होते, ते ऑनलाइन वापरणे मात्र नव्हते. परिणामी पहिली काही वर्षे बहुतेकांचे कार्ड पाकिटातच पडून राहिले. लोक ऑनलाइन व्यवहाराला सरावले ते बँकांमुळे. एस्टोनियन बँकांनी इंटरनेट बँकिंग लवकर आणले होते आणि सरकारनेही बँकेच्या ओळखीवर कर खात्याच्या सेवेत प्रवेश देण्याचा शहाणपणा दाखवला होता. २००१ मध्ये खासगी कंपन्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रशिक्षण मोहिमेत एक लाखाहून अधिक प्रौढांना संगणक आणि इंटरनेट हाताळण्याचे प्राथमिक धडे देण्यात आले. २००४ मध्ये टाल्लिन शहरात सार्वजनिक वाहतुकीचे तिकीट ओळखपत्राशी जोडले गेले, तेव्हा अनेकांच्या हातात ते कार्ड पहिल्यांदा रोजच्या कामासाठी आले. नंतर बँकांनी कागदी पासवर्ड-तक्त्यावर होणाऱ्या व्यवहारांची मर्यादा कमी करत नेली आणि मोठ्या रकमांसाठी ग्राहक आपोआप चिपच्या कार्डाकडे वळले.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. एस्टोनियाची कथा सांगताना नेते, कायदे आणि तंत्रज्ञान यांचा गौरव होतो, आणि नागरिकाची सवय सरकारच्या दारात लागली नाही, ती बँकेच्या आणि बसच्या दारात लागली, ही बाब सुटून जाते. एकट्या सरकारी सेवेसाठी लोक नवे साधन शिकायला तयार होत नाहीत, कारण सरकारी काम वर्षातून एक-दोनदाच निघते. इतक्या विरळ वापरातून हात बसत नाही. मधल्या काळात पिन विसरला जातो, कार्डवाचक यंत्र सापडत नाही, आणि प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.

३० ऑगस्ट ते ३१ मार्च

झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांच्या गटाला असे आढळले की, इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपमध्ये आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्ल्या (ओळख आणि स्वाक्षरी सिद्ध करणाऱ्या सार्वजनिक व खासगी आकड्यांच्या जोड्या) तयार करणाऱ्या आज्ञावलीत मूलभूत दोष आहे. आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्यांचा गुणाकार सार्वजनिक असतो आणि त्या दोन संख्या गुप्त असतात. सगळी सुरक्षितता त्या संख्या पूर्णपणे यदृच्छ असण्यावर अवलंबून असते. या आज्ञावलीने निवडलेल्या संख्यांना मात्र एक विशिष्ट ठेवण होती. त्यामुळे केवळ सार्वजनिक किल्ली हाती असली तरी तिच्यावरून खासगी किल्ली काढता येणे शक्य होते. हे काम सोपे नव्हते. २०४८ बिटांच्या एका किल्लीसाठी भाड्याने घेतलेल्या संगणकशक्तीवर जास्तीत जास्त २० ते ४० हजार डॉलर खर्च येईल, असा संशोधकांचा अंदाज होता. तरीही ते अशक्य नव्हते, आणि ओळखपत्राच्या बाबतीत 'अशक्य नव्हते' एवढेही पुरेसे गंभीर असते.

३० ऑगस्ट २०१७ रोजी ही माहिती एस्टोनियाच्या माहिती यंत्रणा प्राधिकरणाला मिळाली. ऑक्टोबर २०१४ पासून दिलेली सुमारे साडेसात लाख कार्डे बाधित होती. देशाच्या लोकसंख्येशी तुलना केली तर हा आकडा निम्म्याहून अधिक भरतो. ऑक्टोबरमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका होत्या आणि त्यात ऑनलाइन मतदान त्याच कार्डावर होणार होते. शिवाय त्या सहामाहीत युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद एस्टोनियाकडे होते, आणि सप्टेंबरअखेरीस टाल्लिनमध्ये युरोपीय नेत्यांची डिजिटल विषयावरील शिखर परिषद भरणार होती. गप्प राहण्याचा मोह व्हावा अशीच ही वेळ होती. संशोधकांचा शोधनिबंधही तोवर प्रसिद्ध झाला नव्हता.

५ सप्टेंबर रोजी पंतप्रधान युरी रातास आणि संबंधित अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन दोष जाहीर केला. कार्डांचा गैरवापर झाल्याचे एकही उदाहरण समोर आलेले नाही, धोका सध्या सैद्धांतिक आहे, मात्र तो खरा आहे, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. सार्वजनिक किल्ल्यांची जी सूची कोणालाही पाहता येत असे ती बंद करण्यात आली, कारण किल्लीच मिळाली नाही तर तिच्यावर हल्लाही करता येत नाही. मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारी 'मोबाइल-आयडी' ही पर्यायी ओळख या दोषापासून मुक्त होती, आणि नागरिकांना तिचा पर्याय सुचवण्यात आला. निवडणूक समितीने ऑनलाइन मतदान ठरल्याप्रमाणे घेण्याचे निश्चित केले. या निर्णयावर राजकीय आक्षेपही घेतले गेले.

ऑक्टोबरमध्ये संशोधकांनी आपले निष्कर्ष जगासमोर ठेवले आणि धोक्याचे स्वरूप बदलले. एस्टोनियाच्या तंत्रज्ञांनी तोपर्यंत वेगळ्या, लंबवर्तुळी वक्रांवर आधारित किल्ल्या त्याच चिपवर बसवण्याची तयारी केली होती. जुने कार्ड फेकून नवे देण्याची गरज उरली नाही. घरच्या संगणकाला जोडलेल्या कार्डवाचकात कार्ड घालायचे, ओळखपत्राचा कार्यक्रम उघडायचा, अद्ययावत करण्याचे बटण दाबायचे, पिन द्यायचा आणि काम पूर्ण होईपर्यंत कार्ड बाहेर काढायचे नाही, एवढीच कृती नागरिकाला करायची होती. प्रत्यक्षात ती इतकी सहज झाली नाही. एकाच वेळी हजारो लोक आल्याने सेवा वारंवार कोलमडली, अनेकांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, आणि पोलीस व सीमा सुरक्षा मंडळाच्या सेवाकेंद्रांसमोर लांब रांगा लागल्या. ऑनलाइन प्रशासनाचा मान मिरवणाऱ्या देशात त्या शरद ऋतूत लोक ओळखपत्रासाठी तासन् तास उभे होते.

३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री सरकारने अद्ययावत न झालेल्या सर्व बाधित कार्डांची प्रमाणपत्रे, म्हणजे कार्डाच्या किल्ल्या त्याच व्यक्तीच्या असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल नोंदी, स्थगित केली. प्रवासासाठी किंवा समोरासमोर ओळख पटवण्यासाठी कार्ड चालत राहिले, मात्र ऑनलाइन सेवांची दारे त्याच्यासाठी बंद झाली. ज्यांचे रोजचे कामच या कार्डावर चालते, अशा डॉक्टरांसह सुमारे ३५ हजार व्यक्तींना पहिले काही दिवस अद्ययावत करण्यात प्राधान्य देण्यात आले. इतरांसाठी ३१ मार्च २०१८ पर्यंत मुदत होती. त्यानंतर उरलेली प्रमाणपत्रे कायमची रद्द झाली.

मधल्या काळात, १५ ऑक्टोबर रोजी, स्थानिक निवडणुका पार पडल्या होत्या. दोषाची बातमी घरोघर पोहोचून महिना उलटला होता. एकूण मतांपैकी ३१.७ टक्के मते ऑनलाइन पडली. त्याच प्रकारच्या आधीच्या निवडणुकीत, २०१३ मध्ये, हे प्रमाण २१.२ टक्के होते. ज्यांनी आधी कार्ड ऑनलाइन वापरले होते त्यांपैकी बहुतेकांनी मुदतीच्या आत ते अद्ययावत करून घेतले. २०१९ च्या संसदीय निवडणुकीत ऑनलाइन मतांचा वाटा ४३.८ टक्क्यांवर गेला, आणि २०२३ मध्ये तो ५१.१ टक्के झाला.

या आकड्यांवरून 'विश्वास वाढला' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. २०१५ च्या संसदीय निवडणुकीत ऑनलाइन मतांचा वाटा ३०.५ टक्के होता. त्याच्याशी तुलना केली तर २०१७ मधील वाढ अगदी थोडी ठरते. शिवाय २०१७ मध्ये १६ आणि १७ वर्षांच्या तरुणांना स्थानिक निवडणुकीत प्रथमच मतदान करता आले. आकडे एवढेच सांगतात की लोक सोडून गेले नाहीत. माझ्या मते तेवढेही पुष्कळ आहे, कारण सोडून जाण्याचे निमित्त त्यांना पुरेपूर मिळाले होते.

अपेक्षा आणि प्रचीती

लोक एखादी माहिती यंत्रणा पुढेही का वापरत राहतात, याचे सर्वाधिक उद्धृत होणारे स्पष्टीकरण अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये मांडले. ग्राहकाच्या समाधानाविषयी रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये दिलेल्या विचाराचा आधार घेऊन त्यांनी इंटरनेट बँकिंगच्या ग्राहकांचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा गाभा सोपा आहे. वापरण्यापूर्वी माणसाच्या मनात काही अपेक्षा असते. वापरल्यावर ती खरी ठरली की नाही याची प्रचीती येते. या प्रचीतीतून समाधान आणि उपयुक्ततेची जाणीव निर्माण होते, आणि पुन्हा वापरण्याचा इरादा या दोहोंवर उभा राहतो. पहिल्यांदा वापरताना माणूस ऐकीव माहितीवर निर्णय घेतो, तर दुसऱ्यांदा स्वतःच्या अनुभवावर. म्हणून पहिल्या वापराला कारणीभूत ठरलेल्या गोष्टी पुढच्या वापराला लागू पडतीलच असे नाही.

एस्टोनियातील आयकर विवरणपत्र हे याचे ठळक उदाहरण आहे. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून नागरिक कर खात्याच्या सेवेत प्रवेश करतो, तेव्हा त्याच्यासमोर कोरा अर्ज येत नाही. वेतन आणि कापलेला कर मालकाकडून आलेला असतो. शिक्षणशुल्काची रक्कम संस्थेने आणि देणगीची देणगी घेणाऱ्याने कळवलेली असते. त्याला फक्त आकडे ताडून पाहायचे, काही राहिले असल्यास भरायचे आणि मान्यता द्यायची असते. पुष्कळांचे काम काही मिनिटांत आटोपते, आणि परतावा मिळायचा असेल तर तो काही दिवसांत खात्यावर जमा होतो. ९५ टक्क्यांहून अधिक विवरणपत्रे अशा रीतीने ऑनलाइन दाखल होतात. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती परताव्याची बाब. सरकारी अर्जाचे पुढे काय झाले हे कळत नाही, ही नागरिकाची जुनी तक्रार असते. येथे अर्जाचे फळ ठरलेल्या वेळी, मोजता येईल अशा रकमेत दिसते. अपेक्षा खरी ठरण्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असणार?

एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व या सोयीच्या मुळाशी आहे. एकाच माहितीसाठी दुसरा स्वतंत्र माहितीसंच उभारण्यास एस्टोनियाच्या कायद्यानेच मनाई केली आहे. सेवा ऑनलाइन झाली, मात्र जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या छायाचित्रांची मागणी तशीच राहिली, तर कार्यालयातील रांग घरातील संगणकाच्या पडद्यावर सरकते इतकेच. अशा सेवेची प्रचीती पहिल्याच वेळी नकारात्मक येते आणि लोक पुढच्या खेपेस मध्यस्थाकडे वळतात. त्या लोकांना अडाणी ठरवून प्रशिक्षणाच्या योजना आखण्यात अर्थ नसतो. त्यांचा निर्णय त्यांच्या अनुभवाशी सुसंगतच असतो.

डिजिटल औषधचिठ्ठीची गोष्ट आणखी एक पाऊल पुढची आहे. १ जानेवारी २०१० पासून ती लागू झाली. डॉक्टर आपल्या संगणकावर औषध नोंदवतो आणि कार्डाने स्वाक्षरी करतो. रुग्ण देशातील कोणत्याही औषधालयात जाऊन ओळखपत्र दाखवतो, औषधविक्रेत्याला पडद्यावर चिठ्ठी दिसते, लागू असलेली शासकीय सवलत किमतीतून आधीच वजा झालेली असते. नेहमीच्या औषधासाठी डॉक्टरला फोन केला तरी पुरते. या सगळ्यात रुग्णाला आपण ऑनलाइन सरकारी सेवा वापरत आहोत असे वाटतही नाही. संगणक न येणारी वृद्ध व्यक्तीसुद्धा तिचा लाभ घेते. समाधानाची पातळी विचारणाऱ्या सर्वेक्षणात हा वापर फारसा उमटणार नाही, तरीही सर्वांत अखंड चालणारा वापर तोच आहे.

सवय की नाइलाज

ऑनलाइन मतदानावर टार्टू विद्यापीठातील क्रिस्तियान वास्सिल आणि मिखेल सोल्वाक यांनी दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते की, सुरुवातीच्या निवडणुकांत ऑनलाइन मत देणारे तरुण, सुशिक्षित आणि संगणकाला सरावलेले असत. काही निवडणुकांनंतर हा भेद पुसट होत गेला आणि वय किंवा शिक्षण यांवरून कोण ऑनलाइन मत देईल याचा अंदाज बांधणे अवघड झाले. एकदा ऑनलाइन मत दिलेला मतदार पुढेही बहुधा त्याच मार्गाने मत देतो, आणि मतदान केंद्र जितके लांब तितका हा कल जास्त असतो. २००५ मध्ये पहिल्यांदा ही सोय झाली तेव्हा केवळ १.९ टक्के मते ऑनलाइन पडली होती. तेवढ्यावर योजना गुंडाळली असती, तर ही सवय लागायला वावच मिळाला नसता.

सवय लागली की माणूस प्रत्येक वेळी नफा-तोटा मोजत बसत नाही. २०१७ च्या प्रसंगात याचा एक परिणाम झाला असावा असे मला वाटते. दोषाची बातमी ऐकल्यावर नियमित वापरणाऱ्याच्या मनात 'हे सोडावे का' यापेक्षा 'हे पुन्हा चालू केव्हा होणार' हा प्रश्न आधी आला. वर्षानुवर्षे आलेल्या चांगल्या प्रचीतींच्या शिदोरीवर एक वाईट बातमी निभावून गेली. जो नागरिक त्याच आठवड्यात पहिल्यांदा सेवा वापरायला निघाला असेल, त्याच्याकडे अशी शिदोरी नव्हती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. सवय आणि नाइलाज यांच्यातील रेषा एस्टोनियात खरोखरच स्पष्ट आहे का? बँक, औषधे, कर, कंपनीची नोंदणी, करारावरील स्वाक्षरी या सगळ्यांचा दोर एकाच कार्डाला बांधलेला असेल, तर ते सोडण्याची किंमत इतकी मोठी होते की 'वापरत राहिले' या शब्दांतून पसंती वाचणे धाडसाचे ठरते. नोव्हेंबरच्या रांगांत उभ्या असलेल्या सगळ्यांनाच कार्डाविषयी आपुलकी होती असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळांना उद्याचे काम अडून राहू नये इतकेच हवे होते. डॉक्टरांच्या बाबतीत तर हे उघडच होते.

मतदान मात्र याला अपवाद आहे, आणि म्हणूनच या प्रकरणात त्याचा पुरावा सर्वांत वजनदार ठरतो. मतदान केंद्रे खुली होती, कागदी मतपत्रिका उपलब्ध होत्या, आणि ऑनलाइन मत न देणाऱ्याला कोणतीही झळ बसणार नव्हती. इतकेच नव्हे, तर दिलेले ऑनलाइन मत मुदतीत पुन्हा ऑनलाइन बदलता येत होते, आणि मुदतपूर्व मतदानाच्या काळात केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर ऑनलाइन मत आपोआप बाद होत होते. मागे फिरण्याचा रस्ता इतका मोकळा असतानाही जवळपास एकतृतीयांश मते ऑनलाइन पडली. ज्या सेवेत कागदाचा मार्ग जिवंत ठेवलेला असतो, तिथलाच टिकाऊ वापर पसंतीचे मोजमाप म्हणून ग्राह्य धरता येतो. कागद बंद करून शंभर टक्क्यांचा आकडा गाठणाऱ्या खात्याला आपली सेवा लोकांना आवडते की नाही हे कळण्याचे साधनच उरत नाही.

यंत्रावर नव्हे, वागणुकीवर

सामान्य नागरिकाला आरएसए आणि लंबवर्तुळी वक्र यांतील फरक कळण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. चिप सुरक्षित आहे की नाही याचा न्याय तो स्वतः करू शकत नाही. त्याला तपासता येते ती यंत्रणा चालवणाऱ्यांची वागणूक. त्यांनी वेळेवर सांगितले का, सांगितले त्यात बदल का करावा लागला हे समजावले का, आणि पुढे काय करायचे याचा मार्ग दाखवला का, एवढे तो नक्की पाहतो. या कसोटीवर एस्टोनियाचे सरकार बऱ्याच अंशी उतरले. माहिती मिळाल्यापासून आठवड्याभरात ती जाहीर झाली, शोधनिबंध प्रसिद्ध होण्याची वाट पाहिली गेली नाही, आणि ठरावीक अंतराने नवे निवेदन येत राहिले. सेवाकेंद्रांवरची तयारी मात्र अपुरी पडली. त्याबद्दल झालेली टीका रास्त होती.

याआधीचा एक अनुभवही येथे उपयोगी पडला असावा. २००७ च्या एप्रिलमध्ये टाल्लिनमधील सोव्हिएतकालीन स्मारक हलवण्यावरून उसळलेल्या वादात सरकारी, बँकांच्या आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले आणि काही सेवा तात्पुरत्या बंद पडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी झालेल्या स्थानिक निवडणुकीत ऑनलाइन मतांचा वाटा १५.८ टक्के होता, तर हल्ल्यांच्या आदल्याच महिन्यात झालेल्या संसदीय निवडणुकीत तो ५.५ टक्के होता. बंद पडलेली सेवा पुन्हा उभी राहते हे लोकांनी एकदा पाहिले होते.

रोजच्या व्यवहारातही वागणुकीची तपासणी करण्याची सोय एस्टोनियाने नागरिकाला दिली आहे. आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली याची नोंद त्याला अनेक सरकारी माहितीसंचांच्या बाबतीत स्वतः पाहता येते, आणि आरोग्याच्या नोंदी कोणत्या डॉक्टरने उघडल्या हेही कळते. विनाकारण डोकावणाऱ्या कर्मचाऱ्याला जाब विचारता येतो. ही नोंद रोज कोणी पाहत नसेल. तरीही आपल्याला पाहता येते, आणि पलीकडच्या माणसाला हे ठाऊक आहे, एवढ्यानेच संबंधाचा तोल बदलतो. सुरक्षिततेची हमी देणाऱ्या जाहिरातींपेक्षा या एका सोयीला मी अधिक महत्त्व देतो.

परत येण्याचा मार्ग कसा ठेवला यालाही स्वतंत्र वजन आहे. दोषी कार्डे रद्द करून साडेसात लाख लोकांना नव्याने अर्ज करायला लावणे हा उपाय तांत्रिकदृष्ट्या सरळ होता. तसे झाले असते तर परतणाऱ्यांची संख्या बरीच घटली असती, असा माझा तर्क आहे. त्याऐवजी हातात असलेले कार्ड घरबसल्या दुरुस्त करता येईल अशी व्यवस्था उभारण्यात आली, ज्यांना ते जमले नाही त्यांच्यासाठी सेवाकेंद्र ठेवले गेले, आणि घाईत असलेल्यांसाठी मोबाइल-आयडीचा पर्याय होता. त्या काळात मोबाइल-आयडीची मागणी वाढली ती यामुळेच. ओळखीची एकाहून अधिक साधने आधीपासून प्रचारात होती म्हणून एक साधन निकामी झाल्यावरही सेवा चालू राहिल्या. एकाच साधनावर सगळा भार टाकणाऱ्या देशाला हा धडा महागात पडला असता.

जे कधी आलेच नाहीत

या सगळ्या विवेचनाला एक मर्यादा आहे. बाधित कार्डांपैकी मोठा हिस्सा असा होता, जो आधीही ऑनलाइन कामासाठी वापरला गेला नव्हता. त्या कार्डधारकांनी ते मुदतीत अद्ययावत केले नाही, आणि १ एप्रिल २०१८ रोजी त्यांची प्रमाणपत्रे रद्द झाली तेव्हा त्यांचे कोणतेही काम अडले नाही. अद्ययावत न झालेल्या कार्डांची संख्या पाहून लोकांनी पाठ फिरवली असे म्हणणे चुकीचे ठरेल, तसेच अद्ययावत झालेल्या कार्डांचीच टक्केवारी सांगून सगळा देश परत आला असे म्हणणेही. वापरत असलेले, वापरून सोडलेले आणि कधीच न वापरलेले, हे तीन गट एकाच आकड्यात मिसळले की प्रशासनाला स्वतःच्या सेवेबद्दल काहीच शिकता येत नाही. यांपैकी दुसऱ्या गटाची मोजणी तर फारच थोडी खाती करतात. एखाद्याने दोन वर्षे विवरणपत्र ऑनलाइन भरले आणि तिसऱ्या वर्षी कार्यालय गाठले, तर त्याला त्याच खिडकीवर कारण विचारणे आणि ते लिहून ठेवणे अवघड नाही. एस्टोनियाच्या २०१७ च्या आकड्यांचा खरा अर्थ लावता येतो, याचे श्रेय पुष्कळसे अशा नोंदींना जाते. प्रत्येक निवडणुकीनंतर किती मते कोणत्या मार्गाने पडली हे तिथे २००५ पासून सलग प्रसिद्ध होत आले आहे, ऑनलाइन मतांचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली होता त्या पहिल्या वर्षीसुद्धा.